अब्रुत्सोच्या डोंगरातले निवांत सायकल रस्ते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीत सायकल म्हटलं की सगळे डोलोमाइट्सचं नाव घेतात. मग अब्रुत्सो का?

उत्तरेकडचे डोलोमाइट्स डोंगर सुंदरच आहेत, वाद नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या नावाजलेल्या घाटांवर तुमच्या मागे-पुढे बस, कॅराव्हॅन आणि मोटरसायकलींची रांग असते. अब्रुत्सो रोमच्या पूर्वेला आहे, आपेन्नीनी पर्वतरांग आणि एड्रियाटिक समुद्र यांच्या मधला हा प्रदेश. आपेन्नीनीतलं सगळ्यात उंच शिखर, २९१२ मीटरचं कोर्नो ग्रांदे, इथेच आहे. तीन राष्ट्रीय उद्यानं आणि एक मोठं प्रादेशिक उद्यान मिळून प्रदेशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संरक्षित आहे. रोमहून दोन-अडीच तासांत पोहोचता येतं, तरी परदेशी माणूस कमीच दिसतो. ज्याला घाट हवेत पण गर्दी नको, त्याने आधी हा नकाशा उघडावा असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्ते खरंच इतके रिकामे असतात का? की नुसतीच जाहिरात?

असतात, आणि त्याला कारणं आहेत. ती समजून घेतली तर रस्ता निवडणं सोपं जातं.

पहिलं कारण महामार्गाचं. रोमहून लाक्विला आणि तेरामोकडे जाणारा ए-२४ आणि पेस्कारा किनाऱ्याकडे जाणारा ए-२५ हे दोन टोलरस्ते झाल्यावर लांब पल्ल्याची सगळी वाहतूक तिकडे वळली. ग्रान सास्सो पर्वताच्या पोटातून काढलेला सुमारे १० किलोमीटरचा बोगदा १९८४ मध्ये सुरू झाला आणि लाक्विला ते तेरामो ही डोंगर ओलांडून जाणारी जुनी वाट एका फटक्यात गावकऱ्यांपुरती उरली. (त्याच बोगद्याच्या बाजूला, १४०० मीटर खडकाखाली, भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तुम्ही वर घाम गाळत असता तेव्हा खाली शास्त्रज्ञ न्यूट्रिनो मोजत असतात.) त्या जुन्या रस्त्याचं डांबर, वळणं, पूल मात्र पूर्वीच्या राजमार्गाच्याच मापाचे आहेत. रुंद रस्ता, बेताचा चढ आणि नावापुरती वाहनं असं तिन्ही एकत्र मिळतं ते यामुळे.

दुसरं कारण जरा उदास करणारं आहे. ही गावं मेंढ्यांवर जगली. शरद ऋतूत कळप दक्षिणेला पुलियाच्या सपाटीवर उतरायचे आणि वसंतात परत चढायचे. आपल्याकडच्या धनगरांचं कोकणात उतरणं डोळ्यांसमोर आणा. या कळपांवर कर घेण्यासाठी नेपल्सच्या राजाने १४४७ मध्ये खास खातंच काढलं होतं. लाक्विला ते फोज्जा ही मेंढवाट २४४ किलोमीटरची, आणि तिची ठरलेली रुंदी १११ मीटर! लोकरीचा धंदा बसला तशी माणसं अमेरिकेला, कॅनडाला, बेल्जियमच्या खाणींत गेली. सांतो स्तेफानो दी सेस्सानिओसारख्या गावात आज वर्षभर राहणारी माणसं शंभराच्या आसपास आहेत. एकेकाळी हजारोंच्या गावांना जोडणारा रस्ता आज शंभर माणसं वापरतात, म्हणून तो शांत आहे. याच कारणामुळे त्या रस्त्यावर दुकान नसतं, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथेच आहे.

नकाशावर शांत रस्ता ओळखायचा कसा?

सोपी युक्ती : महामार्ग किंवा वेगवान रस्ता जिथे बोगद्यातून किंवा दरीच्या तळातून जातो, तिथे त्याला समांतर, वळणावळणाचा जुना रस्ता शोधायचा. तो जवळपास नेहमीच असतो.

याची तीन उदाहरणं. ए-२४ च्या डोक्यावरून जाणारा एसएस-८० (एसएस म्हणजे राष्ट्रीय रस्ता). ए-२५ ला समांतर असलेला एसएस-५, म्हणजे रोमन काळापासूनची तिबुर्तिना वालेरिया. तो कोल्लार्मेलेहून ११०७ मीटरच्या फोर्का कारूसो खिंडीत चढतो. तिसरं उदाहरण कुठलाही एसपी, म्हणजे जिल्हा रस्ता. एसपी जितका लहान तितका निवांत आणि तितकाच खड्ड्यांचा, हे गृहीत धरा. जिल्ह्यांकडे पैसे नाहीत. ‘स्त्रादा दिस्सेस्ताता’ अशी पाटी दिसली की रस्ता उखडलेला आहे, हात ब्रेकवर ठेवा.

टाळायचे रस्तेही सांगतो. किनाऱ्याने जाणारा एसएस-१६ ट्रकांनी भरलेला असतो. सांग्रो नदीच्या खोऱ्यातला एसएस-६५२ आणि त्रिन्यो खोऱ्यातला एसएस-६५० हे नावाला साधे रस्ते, पण गाड्या महामार्गाच्या वेगाने पळतात आणि बोगद्यांची माळ असते. एसएस-१७ चे काही तुकडे चांगले आहेत, पण कास्तेल दी सांग्रो ते रोक्कारासो या भागात रविवारी संध्याकाळी नेपल्सकडे परतणाऱ्या गाड्यांची गर्दी असते.

दिशादर्शक पाट्यांचे रंग लक्षात ठेवा. हिरवी पाटी महामार्गाची, तिकडे सायकलला बंदी. निळी पाटी गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांची. तपकिरी पाटी पर्यटनस्थळाची.

कधी जावं?

मेचा शेवट ते जूनअखेर आणि संपूर्ण सप्टेंबर. जूनमध्ये पठारांवर रानफुलं असतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नावेल्लीच्या सपाटीवर केशराची जांभळी फुलं खुडतात, आणि मायेल्ला डोंगराच्या उतारांवरची बीचची जंगलं तांबडी होतात. मात्र तेव्हा दिवस लहान झालेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला. सकाळी लख्ख ऊन, दोनच्या सुमारास ढग, तीनला विजा. उघड्या पठारावर हा प्रसंग गंमतीचा नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे निघून दुपारी एकच्या आत खाली यायचं. १५ ऑगस्टला ‘फेर्रागोस्तो’ची सुट्टी असते आणि तिच्या आगेमागे सगळी इटली डोंगरात नाहीतर समुद्रावर असते. वर्षातला हाच एक आठवडा या पानाचं शीर्षक खोटं पाडतो.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत काम्पो इम्पेरातोरेचा वरचा रस्ता बर्फामुळे बंद असतो. नेमकी तारीख त्या वर्षीच्या बर्फावर ठरते.

पहिल्यांदाच जातोय. सुरुवात कुठून करू?

लाक्विला ते तेरामो, एसएस-८० ने. साधारण ७५ ते ८० किलोमीटर होतात.

लाक्विला ७०० मीटरवर आहे. तिथून १३०० मीटरच्या कापान्नेल्ले खिंडीपर्यंतचा चढ कुठेही अंगावर येत नाही. जुन्या मालवाहू घोडागाड्यांच्या हिशेबाने आखलेला रस्ता आहे तो. खिंडीतून डावीकडे फाटा फोडून काम्पोतोस्तो तलावाकडे जाता येतं. हा वीजनिर्मितीसाठी बांधलेला तलाव १३०० मीटरवर आहे आणि त्याला वळसा घालणारा रस्ता बराचसा सपाट आहे. पाय शाबूत असतील तर हा फाटा चुकवू नका. खिंडीनंतर मात्र मजाच आहे. व्होमानो नदीच्या घळीतून मोंतोरिओपर्यंत चाळीसएक किलोमीटर उतार, उजव्या हाताला ग्रान सास्सोची उत्तरेकडची भिंत. रविवारी सकाळी मोटरसायकलवाले येतात, तेवढा एक दिवस टाळला तर तासाला दहा-बारा गाड्या भेटल्या तरी जास्त वाटतात. तेरामोहून रेल्वेने जूलियानोव्हाला उतरलात की तुम्ही समुद्रावर.

खिंड ओलांडून एका टोकाला रेल्वे पकडायची, ही पद्धत नवख्याला फार सोयीची. त्याच धर्तीवरचा दुसरा रस्ता सुल्मोना ते स्काफा : पाचेंत्रो गावावरून १२८२ मीटरच्या सान लेओनार्दो खिंडीत चढायचं आणि मायेल्ला व मोर्रोने या दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यातून कारामानिको तेर्मेमार्गे उतरायचं. साठच्या आत किलोमीटर होतात. स्काफाला स्टेशन आहे. इथे दरड कोसळून रस्ता बंद होण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे आदल्या दिवशी मुक्कामाच्या मालकाला विचारून घ्या. तो दोन फोन करून नक्की सांगतो, कुठलंही ॲप इतकं खात्रीचं नसतं.

काम्पो इम्पेरातोरेबद्दल इतकं ऐकलंय. ते काय आहे?

साधारण १५०० ते १९०० मीटर उंचीवरचं, सुमारे २७ किलोमीटर लांब, झाडाचं नाव नसलेलं गवताळ पठार. एका बाजूला चुनखडीची भिंत. वारा, घोडे, मेंढ्या आणि मधून जाणारी एक डांबरी रेघ. इटालियन प्रवासी आणि तिबेटचे अभ्यासक फोस्को माराइनी यांनी याला छोटं तिबेट म्हटलं. असल्या उपमांवर माझा एरवी फारसा विश्वास नसतो. इथे मी वाद घालणार नाही.

रस्ता पठाराच्या वरच्या कडेला, २१३० मीटरच्या आसपास, एका जुन्या हॉटेलापाशी संपतो. १९४३ मध्ये पदच्युत मुसोलिनीला याच हॉटेलात कैदेत ठेवलं होतं आणि १२ सप्टेंबरला जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला सोडवून नेलं. सायकलवाल्यांसाठी या जागेची ओळख वेगळी आहे. जीरो दीतालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीचा टप्पा काही वर्षी इथे संपतो. १९९९ मध्ये मार्को पांतानी, २०१८ मध्ये सायमन येट्स आणि २०२३ मध्ये दाविदे बाइस इथे जिंकले.

वर जाण्याच्या वाटा तीन-चार आहेत. फोंते चेर्रेतोहून, म्हणजे रोपवेच्या खालच्या स्थानकापासून, साधारण २६ किलोमीटर. गाड्यांचा ओघ असला तर याच बाजूला असतो. मला पूर्वेकडून जाणं जास्त आवडतं. सांतो स्तेफानोला मुक्काम करायचा, कास्तेल देल मोंते गाठायचं, तिथून १६०० मीटरच्या कापो ला सेर्रा खिंडीत चढायचं. खिंडीच्या वळणावर पठार एकदम समोर उघडतं. मग पठाराच्या लांबीने पश्चिमेकडे जायचं आणि राकोल्लोच्या फाट्यावरून सांतो स्तेफानोला उतरायचं. हा फेरा पन्नास-साठ किलोमीटरचा. हॉटेलपर्यंत जाऊन यायचं तर अंतर आणि चढ दोन्ही बरेच वाढतात, आणि शेवटचे किलोमीटर सगळ्यात तीव्र आहेत. वाटेत कालाशिओ गावावरचा रोक्का कालाशिओ किल्ला दिसतो. त्याच्यासाठी वेगळी दुपार ठेवा. शेवटचा भाग पायी जायचं असल्याने क्लीट लावलेले, म्हणजे पायडलला अडकणारे बूट घालून जाऊ नका.

आणखी एक वाट फारिंदोलाहून रिगोपियानोमार्गे वादो दी सोलेवर चढते. २०१७ च्या जानेवारीत हिमकडा कोसळून २९ माणसं दगावली ते हॉटेल याच रस्त्यावर होतं. चढ जंगलातला आणि सावलीचा आहे, पण रस्ता चालू आहे की नाही हे पाहूनच निघा.

पठारावर वारा पश्चिमेकडून तोंडावर आला तर सपाटीवरही वेग पंधराच्या वर जात नाही. त्याचा हिशेब वेळेत धरा.

साजित्तारिओची घळ आणि स्कान्नो एका दिवसात होईल का?

होईल, पण दोन दिवस द्या. सुल्मोनाहून निघून आन्वेर्सा गावापाशी घळ सुरू होते. एसआर-४७९ हा प्रादेशिक रस्ता कड्यात कोरलेला आहे. छोटे कोरीव बोगदे, खाली नदी, वर उंच सुळक्यावर चिकटलेलं कास्त्रोव्हाल्वा. डच चित्रकार एशर यांनी १९३० मध्ये या गावाचं शिलामुद्रण केलं होतं. एसआर-४७९ वरून वर पाहिलं की त्यांनी उंचीची अतिशयोक्ती फारशी केलेली नाही हे पटतं. पुढे विल्लालागो, मग बदामाच्या आकाराचा म्हणा की हृदयाच्या आकाराचा म्हणा, तो प्रसिद्ध स्कान्नो तलाव. हृदय ठरावीक टेकडीवरूनच दिसतं.

स्कान्नोत राहा. दुसऱ्या दिवशी १६०० मीटरच्या आसपासच्या गोदी खिंडीवर चढून विल्लेत्ता बार्रेआला उतरा. पहिला दिवस लोकप्रिय रस्त्याचा होता, दुसरा खरा निवांत. खिंडीनंतरचा उतार बीचच्या जंगलातून जातो आणि विल्लेत्ता बार्रेआच्या गल्ल्यांमध्ये हरणं गाईंसारखी फिरतात. तिथून पश्चिमेला पेस्कास्सेरोली, किंवा पूर्वेला बार्रेआ तलावाच्या काठाने कास्तेल दी सांग्रो.

परत सुल्मोनाला येताना एसएस-१७ ऐवजी पेस्कोकोस्तांत्सोवरून सांत-आंतोनिओच्या जंगलातला रस्ता धरा आणि कान्सानोमार्गे उतरा. जुनी, वाकडीतिकडी, प्रचंड बुंध्यांची झाडं आहेत. मी या एका रस्त्यासाठी बाकी अर्धा दिवस खर्ची घालीन.

ब्लॉकहाउसचा चढ शांत रस्त्यांत मोडतो का?

मायेल्लावरचा हा चढ आवाजाच्या दृष्टीने शांत, तुमच्या श्वासाच्या दृष्टीने नाही. रोक्कामोरिचेच्या बाजूने तो साडेतेरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि सरासरी चढ आठ टक्क्यांच्या वर. १९६७ मध्ये तरुण एडी मर्क्सने जीरोतला आपला पहिला टप्पा ब्लॉकहाउसवर जिंकला. २०१७ मध्ये नायरो किंताना, २०२२ मध्ये जाय हिंडली. हिंडलीने त्या वर्षी स्पर्धाही जिंकली. वरून एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे मायेल्लाचा माथा दिसतो. पहिल्या दिवशी जाऊ नका.

पुण्या-मुंबईकडच्या घाटांवर सराव पुरेल का?

पुरेल, फरक समजून घेतला तर. आपले घाट पाचशे-सातशे मीटर चढवून संपतात. तिथे एका दमात हजार मीटर चढ नेहमीचा आहे, आणि कापो ला सेर्रा खिंड तर साधारण कळसूबाईच्या उंचीची. म्हणून तीव्रतेपेक्षा लांबीचा सराव करा : सिंहगडाचा रस्ता एकदा वेगात चढण्यापेक्षा संथ गतीने दोनदा चढा, वरंधा किंवा आंबेनळी करून लगेच परत फिरा. बारा-पंधरा किलोमीटर एकसारखं पायडल मारत राहायची सवय व्हायला हवी.

गिअर हलके ठेवा. पुढे ३४ दात आणि मागे ३२ किंवा ३४. इथे कोणी तुमचा गिअर बघत नाही. टायर २८ मिलिमीटर किंवा जाड असावेत, कारण ते एसपी रस्ते.

उताराचा सरावही चढाइतकाच महत्त्वाचा, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. वीस किलोमीटरचा थंड उतार अर्धा तास ब्रेक दाबायला लावतो. जूनमध्येही वर बोटं गारठतात. पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात हवेतच.

मेंढपाळांच्या पांढऱ्या कुत्र्यांची भीती वाटते. ती अंगावर येतात का?

प्रश्न रास्त आहे, कारण या प्रदेशात सायकलवाल्याला गाडीपेक्षा कुत्र्याचाच विचार जास्त करावा लागतो.

ही मारेम्मानो-अब्रुत्सेझे जातीची कुत्री. मोठी, पांढरी, केसाळ. त्यांचं काम मेंढ्या हाकण्याचं नाही, राखण्याचं आहे. पिल्लू असल्यापासून ती मेंढ्यांतच वाढतात आणि लांडगा, अस्वल किंवा हेल्मेट घातलेला सायकलस्वार, जो कोणी कळपाकडे वेगाने येईल तो त्यांच्या लेखी सारखाच. आपल्या गल्लीतलं कुत्रं सायकलमागे धावतं ते बहुधा खोडीपोटी. तिथे वेग वाढवून सुटका होते. इथे तो उपाय उलटा पडतो.

कळप लांबून दिसला की वेग कमी करा. कुत्री आधी भुंकून इशारा देतात. तिथेच थांबा, खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. शांत, नेहमीच्या आवाजात बोला. मराठीत बोललात तरी चालतं, माणूस आहे हे कळलं पाहिजे. डोळ्याला डोळा भिडवू नका, दगड उचलू नका, बाटलीतलं पाणी उडवू नका. कुत्रा आणि कळप यांच्या मधून कधीच जाऊ नका, भले रस्ता तिथूनच जात असो. कळपाला वळसा घाला किंवा तो सरकेपर्यंत थांबा. मेंढपाळ बहुतेक वेळा आसपास असतो, त्याला हात करा. चालत पुरेसं लांब गेलात की कुत्री आपण होऊन परत फिरतात. पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. खाऊ देऊन मैत्री करायचा मोह टाळा, ती पाळीव असली तरी कामावर आहेत.

आणि अस्वलं, लांडगे?

मार्सिकन तपकिरी अस्वलं सगळी मिळून साठच्या आसपासच उरली आहेत. १९२३ मध्ये घोषित झालेलं अब्रुत्सोचं राष्ट्रीय उद्यान त्यांचं मुख्य घर. तुम्हाला दिसण्याची शक्यता फार थोडी. माणसाला त्यांच्यापासून आहे त्यापेक्षा त्यांना रस्त्यापासून धोका जास्त : हुआन कार्रितो नावाचं लोकांच्या ओळखीचं अस्वल २०२३ च्या जानेवारीत कास्तेल दी सांग्रोजवळ गाडीखाली सापडून मेलं. संध्याकाळनंतर उद्यानातल्या रस्त्यांवरचा उतार सावकाश उतरा. हरीण आडवं येतं ते रोजचं आहे.

वाटेत पाणी आणि खाणं मिळतं का?

पाणी गावांत मिळतं, उत्तम मिळतं. चौकातल्या दगडी कारंजाला नळ असतो. ‘नोन पोताबिले’ लिहिलं असेल तर पिऊ नका. गावांच्या मध्ये मात्र काही नाही, आणि काम्पो इम्पेरातोरेवर सावलीही नाही. दोन मोठ्या बाटल्या भरून निघा.

खाण्याचं गणित वेळेचं आहे. दुकानं एकच्या सुमारास बंद होतात ती चार-पाचला उघडतात. जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत भूक लागली तर ‘बार’ शोधा. तिथला बार म्हणजे चहाच्या टपरीचा मान असलेलं कॉफीचं दुकान. कॉफी, कोर्नेत्तो (गोड रोल), पानीनो (सँडविच) मिळतो. लहान गावात तोही एकच असतो आणि सोमवारी बंद असू शकतो. एक वेळचं खाणं खिशात हवं, यात सूट नाही.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

उपास घडणार नाही, पण विचारत जावं लागेल. इथलं प्रसिद्ध खाणं मटणाच्या बारीक तुकड्यांच्या काड्या, म्हणजे आर्रोस्तिचीनी. फोंते वेतिकापाशी त्या विकत घेऊन कोळशावर स्वतः भाजायच्या असतात. खाणाऱ्यांनी तिथे थांबावं, न खाणाऱ्यांनी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसावं.

शाकाहाऱ्यांसाठी : सांतो स्तेफानोची बारीक मसूर, सूपसारखी करतात, तारांच्या चौकटीवर कापलेला कितार्रा पास्ता, अंडं चालत असेल तर चीज-पाव-अंड्याचे टोमॅटोच्या रश्शातले गोळे, त्यांना पाल्लोत्ते काचो ए ओवे म्हणतात. केशर घातलेले पदार्थ लाक्विलाकडे जरूर खा. ‘सेंत्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. तरी मसुरीत डुकराची चरबी आणि पास्त्याच्या रश्शात छोटे खिम्याचे गोळे असू शकतात, नेमकं विचारा. चीजबद्दल काटेकोर असाल तर एवढं जाणून घ्या की फारिंदोलाचं पेकोरीनो चीज डुकराच्या रेनेटने, म्हणजे पोटातल्या विरजणाने, विरजतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

रस्त्याचे कोणते नियम पाळायचे?

पहिला : उजवीकडून चालवायचं. सरळ रस्त्यावर लक्षात राहतं. चुकतं ते कॉफी पिऊन रिकाम्या रस्त्यावर परत निघताना, समोर एकही गाडी नसते म्हणून. दुसरा : भाड्याच्या सायकलवर पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. घाटात कळण्याआधी अंगणात तपासा.

गावाबाहेर एकामागे एक चालवणं कायद्याने बंधनकारक आहे, गप्पा मारत जोडीने नाही. बोगद्यात दिवे आणि चमकणारं जाकीट हवंच. अंधार पडल्यावर गावाबाहेरही हवं. घंटी सक्तीची. मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, पण ते न घालता उतरणाऱ्याशी मी वाद घालत बसत नाही, मागे राहतो. २०२४ च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या वाहतूक कायद्यानुसार गाडीने सायकलला ओलांडताना जिथे शक्य असेल तिथे दीड मीटर अंतर ठेवायचं आहे. अब्रुत्सोत चालक एरवीही बऱ्यापैकी धीर धरतात. आणीबाणीला ११२.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

आठवड्याभरासाठी भाड्याने. स्वतःचे पायडल आणि खोगीर नेलंत तर निम्मी सायकल तुमचीच होते. चांगल्या रोड बाइक पेस्कारा आणि किनाऱ्याकडे जास्त मिळतात. डोंगरातल्या गावांत माउंटन बाइक आणि ई-बाइकच जास्त. तुमच्या मापाची फ्रेम आधी सांगून ठेवा.

रोम तिबुर्तिनाहून आवेत्सानो, सुल्मोनामार्गे पेस्काराला जाणारी प्रादेशिक रेल्वे सोयीची. अशा गाड्यांत सायकलचं साडेतीन युरोच्या आसपास वेगळं तिकीट काढावं लागतं. पिशवीत घडी घातलेली सायकल फुकट जाते. रुळांची कामं चालू असली की गाडीऐवजी बस सोडतात, आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. तिकिटाच्या वेळीच बघून घ्या.

मुक्काम कुठे करावा?

सुल्मोना सगळ्यात सोयीचं : रेल्वे आहे, चार दिशांना चार घाट आहेत, आणि संध्याकाळी फिरायला कवी ओविडचा पुतळा व साखरेत घोळवलेल्या बदामांची, कोन्फेत्तींची, दुकानं आहेत. डोंगरात राहायचं तर सांतो स्तेफानो. तिथे रिकाम्या पडलेल्या दगडी घरांच्या खोल्या करून गावभर विखुरलेलं हॉटेल चालवतात. २००९ च्या ६ एप्रिलच्या भूकंपात या गावाचा बुरूज कोसळला होता, तो आता पुन्हा उभा राहिला आहे. शेतावरचे मुक्काम, म्हणजे आग्रितुरिस्मो, जेवणासाठी उत्तम. पण शेत रस्त्यापासून किती चढावर आहे ते विचारा, शेवटचे दोन किलोमीटर खडीचे निघतात.

व्हिसा?

शेंगेन पर्यटक व्हिसा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे ना, हे बारीक अक्षरांत वाचा. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात.

घरचे बरोबर आहेत, त्यांना घाट नको. त्यांच्यासाठी काही?

ओर्तोनापासून दक्षिणेला समुद्राच्या कडेने सायकलमार्ग आहे. जुनी किनारी रेल्वे आत हलवली गेली, तिच्या मोकळ्या जागेवर तो केला आहे. सपाट, गाड्या नाहीत, आणि समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या मासेमारीच्या लाकडी माचाणी, म्हणजे त्राबोक्की, बघत जायचं. ऑगस्टमध्ये मुलं, कुत्री, छत्र्या यांची झुंबड असते.

ई-बाइकने गेलो तर?

खुशाल जा. चढाचा धसका जातो, बाकी सगळं तेच राहतं. युरोपात मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मिळते, म्हणजे सपाटीवर तुम्हीच दमणार. काम्पो इम्पेरातोरेच्या थंडीत बॅटरी पडद्यावर दाखवलेल्या आकड्यापेक्षा लवकर उतरते, म्हणून पठारावर चढताना सगळ्यात कमी मदत निवडा आणि हॉटेलापर्यंतच्या शेवटच्या चढासाठी चार्ज राखून ठेवा. मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, तेव्हा ई-बाइक तिथेच भाड्याने घ्यावी लागेल. घेताना चार्जरही मागून घ्या.